शेंदराखालची तलवार

बाबा मरायच्या आत मला त्यांच्या तलवारीचं खरं काय ते शोधून काढायचं होतं. नंतर शोधून उपयोग नव्हता. मेलेल्या माणसाला लाज वाटत नाही, आणि मला तर त्यांना शरमेनं मान खाली घातलेलं बघायचं होतं, एकदाच, पण धडधडीत. लोक म्हणतील, नव्वदीला टेकलेला बाप, दोन्ही डोळे काचबिंदूनं गेलेले, आणि पोटची पोरगी असं बोलते. म्हणू देत. लोकांनी त्यांच्या ओल्या चादरी बदललेल्या नाहीत.

रायपूरच्या पुरानी बस्तीत आमचं घर आहे. घर म्हणजे एकामागे एक तीन खोल्या आणि मागे नळ. पहिल्या खोलीत भिंतीवर, देवाच्या तसबिरींच्याही वर, ती टांगलेली असे. आमचा मूळपुरुष नागपूरच्या फौजेबरोबर घोड्यावर बसून छत्तीसगडात आला आणि ही त्याची तलवार, असं बाबा सांगत. ऐकणारा नवा असला की घोडा पांढरा होई. ऐकणारा पैसेवाला असला की घोड्याच्या मागे आणखी स्वार येत. माझ्या लहानपणी त्या मूळपुरुषानं एकाच शत्रूला कापलं होतं. मी कॉलेजात जाईपर्यंत मेलेल्यांची बरीच भर पडली. बाबा स्वतः तहसील कचेरीत कारकून होते आणि साहेबासमोर त्यांची मान वर झालेली कोणी पाहिली नव्हती. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं आई म्हणायची, पण त्यांना ऐकू जाणार नाही एवढ्याच आवाजात.

खंडेनवमीला तलवारीची पूजा होई. इतरांच्या घरी शस्त्राला हळदकुंकू लावतात, झेंडूचा हार घालतात आणि मोकळे होतात. आमच्याकडे मुठीला शेंदूर लावायचा, तेलात कालवून, आणि तोही आदल्या वर्षीच्या शेंदरावरच. आधीचा काढायचा नाही. पारावरच्या मारुतीवर चढत जातो तसा तो चढत गेला होता आणि मुठीचा पार गोळा झाला होता. आत लोखंड आहे की लाकूड, हेही कळत नव्हतं. शेंदूर खरवडला तर वंश बुडतो, असं घरात बजावून ठेवलेलं. पात्याचं मात्र उलटं. बाबा ती म्यानातून उपसून पाटावर ठेवत, कारण उपसण्याचा मान पुरुषाचा. मग आई आणि मी विटेची भुकटी आणि लिंबू घेऊन पातं घासायला बसत असू, कारण घासण्याचा मान बायकांचा. पात्यावर कोणी कधी काही कोरलं असेल तर ते आम्ही मायलेकींनी आणि आमच्या आधीच्या बायकांनी भक्तिभावानं पुसून टाकलं होतं.

ही तलवार माझ्या आयुष्यात आडवी आली तेव्हा मी पंचविशीत होते. सरकारी शाळेत नुकतीच नोकरी लागली होती. माझ्याबरोबर शिकलेला एक मुलगा रेल्वेच्या वर्कशॉपात होता. त्याचं घर विदर्भातून आलेलं, बौद्ध. आमचं लग्न करायचं ठरलं होतं, आणि पळून जायचं नाही हेही ठरलं होतं. रीतसर विचारू, हा हट्ट त्याचाच. म्हणून एका रविवारी तो आणि त्याचे वडील आमच्या घरी आले. वडील रेल्वेतूनच निवृत्त झालेले, पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात मिठाईचा डबा.

बाबांनी खुर्च्या दिल्या, पाणी दिलं नाही. मी आतून पेले घेऊन आले तर मला नजरेनंच दारात थांबवलं. मग ते उठले, भिंतीवरची तलवार काढली आणि तिपाईवर मिठाईच्या डब्याशेजारी ठेवली.

"ही आमच्या पुरख्यांची," बाबा म्हणाले. "घोड्यावरून चालवलेली. तुमच्या घरी असं काय आहे, सांगा."

तो मुलगा कानापर्यंत लाल झाला. त्याच्या वडिलांनी मात्र तलवार नीट पाहिली, शेंदराचा गोळा पाहिला आणि शांतपणे विचारलं, "धार आहे का हिले?"

धार नव्हतीच. इतकी वर्षं घासून पातं पळीसारखं बोथट झालं होतं. बाबा म्हणाले, "तुमच्यात न आमच्यात काय फरक आहे, हे समजायले धार नाही लागत."

"हव," ते म्हणाले, "समजलं." आणि मुलाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला उठवलं.

मिठाईचा डबा तिपाईवरच राहिला. गल्लीतल्या गाईला घाल, असं बाबांनी मला सांगितलं, आणि मी घातला. पेढे होते. गाईनं जात विचारली नाही. आत पलंगावर आई सगळं ऐकत पडली होती. वर्षभरापूर्वी तिची उजवी बाजू लुळी पडली होती आणि शब्द तोंडातून धड निघत नव्हते. मी तिच्याजवळ गेले तर तिनं डाव्या हातानं माझी ओढणी धरली ती किती तरी वेळ सोडली नाही. माझ्यासाठी रडते आहे असं मला वाटलं आणि तिचा फार आधार वाटला.

तो मुलगा आणखी एक-दोन वर्षं थांबला. नंतर त्याची बदली झाली, लग्न झालं, आणि ते बरोबरच झालं. माझ्यासाठी पुढे आमच्या जातीतलीही दोन-तीन स्थळं आली. बाबांनी तीही तलवार दाखवूनच घालवली. कोणाचं कुळ हलकं, कोणाच्या घराण्यात स्वार नाहीत नुसते दुकानदार, कोणाला पुरखा कोण हे विचारलं तर आठवेना. मग माझं वय सांगताना लोक चाचरू लागले आणि स्थळं यायची थांबली. मी सकाळी आईचं करून शाळेत जाई आणि शाळेतून येऊन आईचं करी. असं पुष्कळ वर्षं चाललं. आई गेली, मी निवृत्त झाले, आणि बाबांचे डोळे गेले. एकाचं संपलं की दुसऱ्याचं सुरू.

या सगळ्यात एका गोष्टीवर मी तग धरून होते. बाबांचा त्या तलवारीवर जीव आहे, तिच्यापायी त्यांनी मला बळी दिलं, आणि ती खोटी आहे. खोटी आहे हे मला माहीत नव्हतं, पण वाटत होतं. सिद्ध झालं तर बाबांना कबूल करावं लागेल की त्यांनी माझं वाटोळं उगाचच केलं. हे त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय त्यांना मरू द्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं, जणू ते माझ्या हातात होतं.

संधी त्यांनीच आणून दिली. नवा रायपुरात एका संग्रहालयानं लोकांच्या घरातल्या जुन्या वस्तूंसाठी एक दालन काढलं आहे आणि देणाऱ्याचं नाव पाटीवर लिहितात, असं त्यांना शेजारच्यांकडून कळलं. झालं. उठताबसता एकच धोशा. "मले मरायच्या आत ती पाटी लागलेली पाहिजे. आपलं नाव राहिलं पाहिजे." ज्या माणसाला पुढे नाव चालवायला कोणी नाही, आणि ते कोणामुळे नाही हे त्याला ठाऊक आहे, तो काचेच्या पेटीत नाव ठेवायला निघाला होता. मी म्हटलं, चला, मी घेऊन जाते.

तलवार आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून मी गाडी करून गेले. तिथली अधिकारी बाई माझ्या विद्यार्थिनींपेक्षाही लहान. तिनं हातमोजे घातले, तलवार फिरवून पाहिली आणि मुठीपाशी थांबली.

"मैडम, ये लाल परत हटाए बिना हम कुछ नहीं कह सकते," ती म्हणाली. "पर मूठ मराठा तलवार की नहीं लग रही। उसमें ऊपर गोल चकती होती है। यहाँ तो कुछ और ही है।"

घरी येऊन मी बाबांना एवढंच सांगितलं की शेंदूर काढावा लागेल. ते असे भडकले की मला वाटलं आता इथेच आटोपतात. "शेंदराले हात नाही लावायचा. नाही घेत तर राहू दे, टांग वापस भिंतीवर." त्या दिवशी जेवले नाहीत, दुसऱ्या दिवशीही तोंड फिरवून पडून राहिले. मला ते देवभोळेपण वाटलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, म्हटलं, आणि कामाला लागले.

दुपारी ते झोपले की मी मागच्या नळापाशी बसून शेंदूर काढत असे. वंश बुडतो म्हणे. वंश माझ्यापाशी येऊन केव्हाच बुडाला होता, आता मला कशाची भीती? गरम तेलाचा बोळा लावायचा, थर भिजू द्यायचा आणि लाकडी उलथन्यानं उचलायचा. वरचा केशरी, खाली तपकिरी, त्याच्या खाली काळा. एका थरात कोणा बाईचा लांब केस चिकटलेला निघाला. तिनं पूजा केलेली नसणार, पण पूजेसाठी शेंदूर कालवला तिनंच असणार. शेवटी लोखंड लागलं. मुठीवरून खाली येणारी एक वाकडी पट्टी होती, साधी, नक्षीबिक्षी काही नाही. तिच्यावर एक बाण ठोकलेला, बाणाखाली एक इंग्रजी अक्षर, थोडे आकडे. आणि जरा बाजूला दोन बाण, टोकाला टोक लावलेले.

मी फोनवर फोटो काढून त्या बाईला पाठवले. तिचा लगेच फोन आला आणि ती फारच खूश होती. पट्टीवरचा छाप म्हणे सरकारी फौजेच्या सामानाचा. ही इंग्रजांच्या घोडदळासाठी घाऊक बनवलेली तलवार, अशा हजारो बनवल्या. आकडे म्हणजे कुठल्या तुकडीतली कितवी. शत्रूकडून जिंकून आणली असेल का, मी मुद्दाम विचारलं. ती म्हणाली, "नहीं मैडम। ये जो दो तीर आमने-सामने हैं ना, इसका मतलब फ़ौज ने बेकार मानकर ख़ुद बेच दी थी।" निकामी म्हणून मोडीत काढलेली. आमचा पांढरा घोडा, ते स्वार, ती सगळी मेलेली माणसं एका वाक्यात साफ झाली. मला इतका आनंद झाला की मी शेवयांची खीर केली. बाबांनी दोनदा मागून खाल्ली.

पुढचं मी थंड डोक्यानं केलं. त्या बाईला ही तलवार दालनासाठी हवीच होती. असं शेंदराखाली टिकलेलं मिळत नाही म्हणाली. पाटीवर खरं तेच लिहा, असं मी तिला सांगितलं, आणि देणारी म्हणून माझं नाव दिलं. बाबांना सांगितलं की ते शेंदरासकट घ्यायला तयार झाले आहेत, पाटीवर तुमचं नाव येणार आहे, आणि मजकूर तुम्ही सांगाल तसा. त्यांनी मजकूर सांगितला. त्यात घोडा होता. मी हव, हव म्हणत गेले आणि काहीच लिहून घेतलं नाही.

पाटी लागल्यावर मी त्यांना घेऊन गेले. त्यांनी सकाळी दाढी करवून घेतली, कुरत्याला इस्त्री आहे ना हे हात फिरवून पाहिलं, टोपी मागितली. गाडीत सगळी वाट बोलत होते. नवा रायपूर लागल्यावर गाडीचा आवाज बदलला, ते त्यांना कळलं. "रस्ता मोठा दिसून राहिला," म्हणाले. "गर्दी आहे का तिथं?" आहे, मी म्हटलं. रस्त्यावर कुत्रं नव्हतं.

दालनात मात्र एका शाळेची सहल आली होती. मला ते बरंच वाटलं. मी बाबांना चाकाच्या खुर्चीतून पेटीपर्यंत नेलं आणि त्यांचा तळवा काचेवर ठेवला. काचेच्या आत ती तलवार पडली होती, धुतलेली, नंबरसकट, एखाद्या कोयत्याइतकी गरीब दिसत होती. बाबा म्हणाले, "वाच."

मी वाचलं. वर्गात वाचत असे तसं, शेवटच्या बाकापर्यंत जाईल असं. "अंग्रेज़ी घुड़सवार फ़ौज की तलवार। फ़ौज द्वारा बेकार ठहराकर बेची गई। बाद में रायपुर के एक परिवार में पूजा की वस्तु रही।" आणि खाली देणाऱ्याचं नाव, माझं.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. इतकी वर्षं थांबले होते त्या घटकेसाठी. त्यांनी काचेवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"हळू वाच," ते म्हणाले. "पोट्टे ऐकून राहिले."

"बाबा, मी काय वाचलं ते समजलं का तुम्हाले?"

"समजलं. त्यात नवीन काय आहे?"

मला वाटलं त्यांचं डोकं फिरलं. मी खाली वाकले.

"माझे आजे भंगार घ्यायचे, वजनावर," बाबा म्हणाले, आवाज अगदी रोजचा. "फौजेच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात आली. बाकीचं लोखंड लोहाराले गेलं, हे एक ठेवली त्याईनं. मंग घोडा काढला, फौज काढली. छाप कोणाले दिसू नये म्हणून शेंदूर त्याईनंच लावला पहिल्यांदा. खरवडलं तं वंश बुडते, तेही त्याईचंच. मले माझ्या बापानं सांगितलं होतं."

"मले काहून नाही सांगितलं?"

"तुझ्या मागं कोण आहे ऐकायले?"

हे त्यांनी रागानं म्हटलं नाही. तसंच होतं म्हणून म्हटलं. मी त्यांच्या खुर्चीचा दांडा धरून उभी होते. सहलीतली मुलं पुढच्या पेटीकडे गेली होती, आणि मी विचारलं, "मंग त्या दिवशी त्या माणसाच्या समोर काहून काढली? खोटी आहे हे माहीत असून?"

"मंग काय काढलं असतं? आत तुझी आई पडली होती, ते दाखवलं असतं? असं म्हटलं असतं का, का बाबा, पोरगी दिली तं हिचं हगणं-मुतणं कोण काढेल?" ते म्हणाले. "त्याईले जात सांगितली. जात सांगितली का माणूस पुढं काही विचारत नाही, उठून जाते. सोपं पडते."

"आणि आपल्यातले आले होते, त्याईले?"

"त्याईले तलवार पुरली. तलवार नसती तं पत्रिका असती." मग म्हणाले, "मी एकटा नव्हतो. तुझी आईच म्हणे, पोरीले जाऊ देऊ नका. एक शब्द धड नाही निघे तिच्या तोंडातून, पण हे बरोबर निघालं."

मला बसावंसं वाटलं, पण तिथे बसायला काही नव्हतं. मी इतकी वर्षं ज्याचा द्वेष केला तो माणूस घमेंडी होता, जातीचा माज असलेला होता, पण निदान आपल्या खोट्यावर मनापासून विश्वास ठेवणारा होता. त्याचा विश्वास मोडायचा एवढंच माझ्या हाती राहिलं होतं. तो माणूस कधी नव्हताच. घरात एक मोलकरीण हवी होती, ती जाऊ नये म्हणून त्यांनी हाताला लागलं ते उचललं होतं. एका सज्जन म्हाताऱ्याला पाण्याचा पेलाही न देता हाकलून दिलं ते कसल्या श्रद्धेपायी नाही, सोयीपायी. आणि आई खरंच तसं म्हणाली की आत्ता बाबांनी ते रचलं, हे विचारायला आई नाही. मला दोघांचाही संताप आला, आणि तो कोणावर काढावा हेही कळेना.

ती अधिकारी बाई दुरून हसत आली. बाबूजींना कसं वाटलं, तिनं विचारलं. बाबांनी हात जोडले, "बहुत बढ़िया, बेटी, बहुत बढ़िया," म्हणाले. तिनं आमचा एक फोटो काढला. त्यात बाबा ताठ बसलेले आहेत आणि मी कुठेतरी बाजूला बघते आहे.

ती गेल्यावर ते खुर्चीत चुळबुळ करू लागले. "मले बाथरूमले जायचं आहे," म्हणाले. "लवकर." आणि डावा हात वर करून हवेत धरला. कुठे आहेस म्हणून विचारलंसुद्धा नाही. मी तिथे असणारच, याबद्दल त्यांना जराही शंका नव्हती. मी तो हात धरला, त्यांना उभं केलं, आणि घेऊन गेले.